माणशी की एकरी?

गेल्या रविवारी आमच्या कांजूरच्या दोन खोल्यांत माहेरची मंडळी जमली होती. मुलुंडचा भाऊ, कोथरूडचा भाचा, त्याची बायको, आणि न्यू जर्सीचा धाकटा भाचा फोनच्या पडद्यावर. विषय एकच, गावची विहीर. तीन तास वाद झाला, दोनदा चहा झाला आणि शेवटी "आत्या, तुला व्यवहार कळत नाही" असा निकाल लागला. तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. माझी उत्तरं नेहमी पाहुणे गेल्यावर, भांडी घासताना सुचतात. म्हणून हा लेख. भांडण घरचं आहे, पण प्रश्न काही एका घरचा नाही, तेव्हा चव्हाट्यावर मांडायला हरकत नसावी. नावं कुणाचीच लिहीत नाही, गावाचंही नाही. पुरंदर तालुक्यात कऱ्हेच्या खोऱ्यातलं एक गाव, एवढं पुरे. (भाचा हे वाचणार आहे. बाळा, शेवटपर्यंत वाच, मग फोन कर.)

कऱ्हा नदी पुष्कळांना फक्त नावाने माहीत असते, तीही आचार्य अत्र्यांमुळे. अत्रे इथल्या कोडीतचे, आणि त्यांच्या आत्मचरित्राचं नावच 'कऱ्हेचे पाणी'. पण त्या पाण्याला प्रत्यक्षात बघायला जाल तर वर्षातले बरेच महिने वाळू आणि वेडी बाभूळ दिसेल. सह्याद्रीच्या फाट्यात उगम, सासवड, जेजुरी, मोरगाव करत बारामतीच्या पुढे नीरेला मिळायचं, एवढाच तिचा प्रवास. सोमवती अमावास्येला खंडोबाची पालखी कऱ्हेवर स्नानाला येते, तेव्हा देवाला पुरेल इतकं पाणी असलं तरी माणसं समाधान मानतात. पुरंदर किल्ल्याच्या मागे बराचसा पाऊस अडतो आणि आमच्या वाट्याला उरलासुरला येतो. तिकडे नीरेच्या कालव्याखाली इंग्रजांच्या काळापासून ऊस डोलतो आहे. आम्ही त्याच्या वरच्या अंगाला, अंजीर, सीताफळ, वाटाणा आणि ज्वारी यांवर दिवस काढणारे.

तर आमची जमीन. वडिलांची बारा एकर, मध्ये एक विहीर. वडील चौथी शिकलेले, पण मनाने मोठे. त्यांनी हयातीतच चौघांना वाटून दिलं, आणि मुलगी म्हणून मला वगळलं नाही. प्रत्येकाला तीन एकर आणि विहिरीत चार आणे. ज्यांना गावची भाषा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सामाईक विहिरीचे सोळा आणे धरतात आणि ज्याचे जितके आणे तितकी त्याची पाळी. आमच्याकडे आठ दिवसांचं चक्र, म्हणजे प्रत्येकाला दोन दिवस मोटर. वडिलांच्या वेळी हे न्यायाचं होतं, कारण तेव्हा तिघे भाऊ आणि त्यांची बायकामुलं सगळी गावातच होती. मी एकटीच लग्न होऊन मुंबईला आलेली. आज काय आहे?

थोरला भाऊ गेला. त्याचा मोठा मुलगा कोथरूडला, धाकटा न्यू जर्सीला. त्यांनी तीन एकरांत फार्महाऊस बांधलं आहे, समोर हिरवळ, कडेने आंबे. वर्षातून सात-आठदा जाणं होतं. मधला भाऊ मुलुंडला. त्याची जमीन एक वाटेकरी अर्धेलीने करतो. हा माणूस बाहेरच्या तालुक्यातून आलेला, स्वतःची गुंठाभरही जमीन नाही, घरात सहा तोंडं. त्याने ऊस लावला आहे. हौसेने नव्हे, मालकाला म्हणजे माझ्या भावाला रोख रक्कम हवी असते म्हणून. धाकटा भाऊ मात्र गावातच राहिला, २०१९ साली गेला. मागे माझी भावजय, तिचा मुलगा, सून आणि दोन नातवंडं. आणि चौथी वाटेकरीण मी, कांजूरमार्गची. माझे तीन एकर आणि माझी पाळी भावजयच वापरते.

आता हिशेब करा. त्या बारा एकरांत प्रत्यक्ष राहणारी, तिथलंच खाणारी माणसं अकरा. भावजयीकडची पाच आणि वाटेकऱ्याकडची सहा. या अकरा जणांपैकी ज्यांच्या नावावर पाणी आहे ते पाच, आणि त्यांचे आणे चार. उरलेले बारा आणे कुणाचे? कोथरूड, न्यू जर्सी, मुलुंड आणि कांजूरमार्ग. म्हणजे विहिरीच्या सोळा आण्यांतले बारा आणे अशा माणसांचे, ज्यांच्या घशाला त्या विहिरीची कधी कोरड पडत नाही. मी शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला, गणित नव्हे, पण एवढं गणित मलाही येतं.

या मार्चमध्ये काय झालं ते सांगते. अंजिराचा मीठा बहार असतो, फळ फेब्रुवारीपासून मेपर्यंत उतरतं आणि पैसे त्यातच मिळतात. भावजयीची चाळीस झाडं आहेत. विहीर खाली गेली. मोटर दीड तास चालायची आणि हवा ओढायची. एका रात्रीच्या झऱ्याने जेवढं साठेल तेवढंच पाणी. त्या आठवड्यात तिची पाळी झाली, माझी झाली, आणि मग फार्महाऊसची आली. तिने तिथल्या राखणदाराला सांगितलं, एवढी एक पाळी मला सोडा, फळ आता भरतंय. तो म्हणाला, साहेबांना विचारा. साहेबांना, म्हणजे माझ्या भाच्याला, तिने फोन केला. तो वाईट मुलगा नाही. काकूशी गोडच बोलला. पण रविवारी ऑफिसची माणसं यायची होती आणि हिरवळ पिवळी पडली असती. दोन दिवस हिरवळीला पाणी बसलं. बहाराची दोन तृतीयांश फळं गळाली. उरलेल्यातली एक पाटी तिने मला पाठवली, आणि ती मी खाल्ली. खाताना मला यातलं काही ठाऊक नव्हतं, हे खरं. पण ठाऊक झाल्यावर ती अंजिरं परत थोडीच जाणार होती!

भाचा म्हणतो, "आत्या, माझी पाळी होती. मी चोरी केली का?" नाही बाळा, चोरी नाही केलीस. कायद्याने तू शंभर टक्के बरोबर आहेस. माझं भांडण तुझ्याशी नाहीच, त्या कायद्याशी आहे, आणि त्या कायद्याला देवाज्ञा समजणाऱ्या आपल्या सगळ्यांशी आहे.

जमीन ज्याची, तिच्याखालचं पाणी त्याचं, हे आपल्याला इतकं स्वाभाविक वाटतं की जणू ते ज्ञानेश्वरांनी सांगून ठेवलं आहे. ते इंग्रजांनी सांगितलेलं आहे, १८८२ च्या ईझमेंट कायद्यात. इंग्लंडात बारा महिने पाऊस, तिथे हा नियम चालत असेल. आम्ही तो पुरंदरला लावला. खडकातल्या झऱ्याला बांध कळत नाहीत हो. माझ्या तीन एकरांत पडलेला पाऊस भावजयीच्या तुकड्यातून झिरपत विहिरीत येतो आणि डोंगरावरच्या गायरानात पडलेला आम्हा सगळ्यांच्या. पाणलोट एक असतो, सातबारे शंभर असतात.

आणि या खोऱ्याने याच्यावर उत्तर काढलेलं आहे. ही गोष्ट पुण्या-मुंबईच्या शिकलेल्या माणसांना माहीत नसते, याची मला खरी चीड आहे. १९७२ चा दुष्काळ मी पाहिलेला आहे. बीएची परीक्षा देऊन मी गावी होते. तालुक्यातले अर्धे लोक खडी फोडत होते. मिलो खाऊन आणि सुकडी चाटून पोरं जगली. त्या वेळी पुण्यात कारखाना असलेले एक इंजिनिअर, विलासराव साळुंखे, दुष्काळ बघायला पुरंदरात आले आणि इथलेच झाले. नायगावला देवस्थानची चाळीस एकर माळरान जमीन त्यांनी भाडेपट्ट्याने घेतली. उतारावर बांध घातले, पाणी अडवलं, तळं केलं, खाली विहीर खणली, आणि कुसळं उगवायची तिथे धान्य पिकवून दाखवलं. इथवर पाहिलं तर ते पाणलोट विकासाचं काम, तसं पुढे पुष्कळांनी केलं. साळुंख्यांचं मोठेपण त्याच्या पुढच्या प्रश्नात आहे. अडवलेलं पाणी कुणाचं?

त्यांनी सांगितलं, माणसांचं. पाणी पंचायतीचा नियम असा होता की घरात जितकी माणसं, माणशी अर्धा एकर भिजेल इतकं पाणी, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. तुमची जमीन वीस एकर असली तरी अडीच एकराचंच. ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्याचा हक्क. जमीन विकली तर पाणी तिच्याबरोबर जाणार नाही. ऊस लावायचा नाही. योजना एकट्याची नाही, गटाची. खर्चाचा पाचवा हिस्सा लोकांनी आधी उभा करायचा, निम्मं सरकारी अनुदान, बाकीचं संस्थेने बिनव्याजी द्यायचं. वाटपाला लोकांनीच नेमलेला पाटकरी. सगळी मिळून हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी कलमं. मी कितीदा तरी वाचली आहेत आणि दर वेळी वाटतं, हे इतकं साधं होतं?

आमच्या बैठकीत मी हे सांगितलं तेव्हा पहिला आक्षेप न्यू जर्सीहून आला. "आत्या, माणशी पाणी दिलं तर लोक चार पोरं जास्त काढतील की!" यावर सगळे हसले. लोकसंख्या म्हटलं की आपल्याकडे गरिबांच्या पोरांचा विनोद होतोच. अरे, पण अडीच एकराची मर्यादा कशाला घातली होती? पाच माणसांनंतर सहाव्याला वेगळं पाणी नाही. वाढवून मिळणार ते घरातल्या पाचांपर्यंतच. उलट आत्ताच्या पद्धतीत शून्य माणसांना बारा आणे मिळताहेत, त्याला लोकसंख्या नियोजन म्हणायचं का?

दुसरा आक्षेप मुलुंडहून, आणि हा आपल्या सगळ्यांच्या तोंडी बसलेला आहे. "खेड्यात लोकसंख्या वाढली, जमिनीचे तुकडे झाले, त्याला कोण काय करणार?" हे वाक्य मी स्वतः पस्तीस वर्षं नागरिकशास्त्राच्या तासाला फळ्यावर लिहिलं आहे. आता वाटतं, खडू धुऊन टाकावा. आकडे बघा. १९७०-७१ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रात वहिती खाती सुमारे ४९.५ लाख होती आणि सरासरी क्षेत्र ४.२८ हेक्टर. २०१०-११ मध्ये खाती सुमारे १ कोटी ३७ लाख आणि सरासरी १.४४ हेक्टर. म्हणजे खाती पावणेतीन पट झाली. त्याच चाळीस वर्षांत, १९७१ ते २०११, राज्यातली ग्रामीण लोकसंख्या सुमारे ३ कोटी ४७ लाखांवरून ६ कोटी १६ लाखांवर गेली. म्हणजे पावणेदोन पट. गावात माणसं दुप्पटसुद्धा झाली नाहीत आणि खाती तिपटीजवळ पोचली. ही जास्तीची खाती कुणाची?

सगळी शहरात गेलेल्यांची, असं मी म्हणत नाही. एकत्र कुटुंबं मोडली, बापाच्या हयातीतच वाटण्या झाल्या, अनुदानासाठी खातेफोड झाली, हेही त्यात आहे. पण तुमच्या आमच्या ओळखीतली माणसं डोळ्यांपुढे आणा. भांडुप, कांजूर, विक्रोळी, घाटकोपर, या पट्ट्यातल्या चाळींत आणि सोसायट्यांत किती जणांच्या कपाटात सातबाऱ्याची झेरॉक्स आहे? सातारा, पुणे, रत्नागिरी, अहिल्यानगर... आम्ही गिरणीत, कारखान्यात, शाळेत, पालिकेत नोकऱ्या केल्या, पेन्शन घेतलं, आणि गावच्या कागदावरून नाव मात्र एकदाही काढलं नाही. तुकडे गावातल्या पाळण्यांनी जेवढे केले त्याहून कमी आपल्या कपाटांनी केले नसतील.

तुकड्यांचं हे रडगाणं जुनं आहे म्हणा. पुण्याच्या शेतकी कॉलेजातल्या हॅरॉल्ड मान साहेबांनी पवनेकाठच्या पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास १९१७ साली छापला. १७७१ मध्ये तिथे सरासरी धारणा ४० एकर होती, ती १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आली होती. साहेबांना फार काळजी वाटली होती. आज पिंपळे सौदागरला जाऊन बघा, धारणा चौरस फुटांत मोजतात! पुढे १९४७ चा तुकडेबंदी कायदा आला, कमाल धारणेचा १९६१ चा कायदा आला, तो १९७५ ला आणखी कडक होऊन बारमाही बागायताला १८ एकर आणि जिरायतीला ५४ एकर अशी मर्यादा झाली. २०२३ मध्ये सरकारने तुकड्याची मर्यादा खाली आणली, जिरायत २० गुंठे आणि बागायत १० गुंठे. पंच्याहत्तर वर्षं सगळं लक्ष जमीन किती तुकड्यांत, याच्याकडे. तिच्यातलं पाणी कुणाच्या पोटात जातं हे मोजायला एक साळुंखे निघाले, आणि तेही सरकारी नव्हते.

मग त्यांचं पुढे काय झालं, हे विचाराल. विलासराव २००२ साली गेले. पत्नी कल्पनाताई पहिल्यापासून कामात होत्या, त्यांनी ते पुढे चालू ठेवलं. पण बऱ्याच योजना हळूहळू बंद पडल्या. विहिरींचं पाणी खाली गेलं, विजेची बिलं वर गेली, पोरं पुण्याला कामाला लागली, शेजारच्या तालुक्यातला ऊस डोळ्यांत भरू लागला. भूमिहीनाला पाण्याचा हक्क दिला, पण तो पाणी घालणार कुणाच्या जमिनीला, हा प्रश्नही पुरता सुटला नाही. हे लपवण्यात अर्थ नाही. म्हणून कल्पना चुकीची होती असं मात्र कुणी सांगू नये. सांगली जिल्ह्यात येरळेवर तांदुळवाडी-बलवडीच्या लोकांनी १९८० च्या दशकात बळीराजा धरण बांधलं, तिथेही भूमिहीनांसकट प्रत्येक कुटुंबाला पाणी, हेच तत्त्व धरलं. हरियाणातल्या सुखोमाजरी गावाने डोंगर राखला तो तळ्याच्या पाण्यात प्रत्येक घराला वाटा मिळाला म्हणून. वेगवेगळ्या ठिकाणच्या माणसांना एकच गोष्ट सुचते, तेव्हा तिच्यात काहीतरी तथ्य असतं.

आणि सरकारने काय घेतलं? नाव घेतलं! ओडिशात २००२ साली चक्क पाणी पंचायत कायदा झाला, पण त्यातले सभासद जमीनधारक. आपल्याकडे २००५ मध्ये शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा आला, पाणी वापर संस्था आल्या. सभासद कोण? लाभक्षेत्रातला जमीनधारक. पाणी कसं? क्षेत्राच्या प्रमाणात. साळुंख्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि आपण पुन्हा एकरावर आलो होतो.

आता तिसरा आक्षेप. "मुंबईत बसून समाजवाद सांगायला काय जातं?" हा भाच्याच्या बायकोचा, आणि तो मला लागला, म्हणून त्याचं उत्तर मुंबईतूनच देते.

मुंबईला पाणी कसं मोजतात, सूनबाई? माणशी! पालिकेचं सगळं नियोजन दरडोई दर दिवशी इतके लिटर, असं चालतं. मलबार हिलवरचा बंगला किती चौरस फुटांचा आहे त्यावर नव्हे. प्रत्यक्षात झोपडीतल्या माणसाला कमी आणि टॉवरमधल्याला जास्त पोचतं, हे मी कांजूरमध्ये रोज बघते. पण निदान ते चूक आहे हे आपण मान्य करतो, त्यावर मोर्चे काढतो. आमच्या सोसायटीत पाणीपट्टी नळांवर लागते. उद्या तीन खोल्यांवाला म्हणाला की माझं क्षेत्रफळ जास्त, टाकीतलं निम्मं पाणी माझं, तर सेक्रेटरी त्याला जिन्यावरून खाली घालवतील. तोच तीन खोल्यांवाला गावी गेला की म्हणतो, माझे आणे जास्त! आणि हे मुंबईचं पाणी तरी कुठलं? विहार तलाव आपल्या हाकेच्या अंतरावर आहे खरा, पण त्याचं पाणी आज चिमूटभर. बाकी सगळं भातसा, तानसा, वैतरणा. ज्या शहापूर तालुक्यातून ते येतं तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर लागतात. म्हणजे आपण शहरातले लोक शहरात माणशी घेतो आणि गावाकडे एकरी घेतो. दोन्हीकडून खाणारे.

कागदावरचा मालक आणि जमिनीवरचा माणूस वेगळे पडले की काय होतं, हे कांजूरकरांना वेगळं सांगायला नको. २०२० साली आपल्या इथल्या मिठागराच्या १०२ एकरांवर मेट्रोची कारशेड करायचं ठरलं. राज्य म्हणालं जमीन आमची, केंद्र म्हणालं आमची, खासगी दावेदारही होते. डिसेंबरात हायकोर्टाची स्थगिती आली. महिनेच्या महिने बातम्या वाचल्या, पण मिठागरात राबलेल्या माणसांचं नाव मला तरी त्यात कुठे दिसलं नाही.

राहिली माझी स्वतःची गोष्ट. पहिली आरोपी मीच आहे, हे मला कळतं. दरवर्षी वाटाणा, ज्वारी, अंजिराची पाटी मी घेत आले. माझी पाळी भावजय वापरते ती माझ्या मेहेरबानीने, आणि मेहेरबानी माझ्याबरोबर संपते. म्हणून मी वकिलांकडे गेले. म्हटलं, विहिरीतले माझे चार आणे कायमचे तिच्या घराला लिहून द्यायचे आहेत. ते म्हणाले, बाई, जमीन द्या, पाणी आपोआप जाईल. नुसतं पाणी द्यायची पद्धत नाही.

जमीन द्यायला मी का कचरते, तेही सांगते. हक्कसोड हा शब्द ऐकला की माझ्या अंगावर काटा येतो. माझ्या किती मैत्रिणींनी एका साडीचोळीवर तो कागद करून दिला आहे! मुलींना बरोबरीचा वाटा मिळावा म्हणून महाराष्ट्रात १९९४ ला आणि देशात २००५ ला कायदा बदलला, आणि तलाठ्याच्या दारात अजून बहिणींची रांग लागते ती सही करून मोकळं व्हायला. वडिलांनी दिलेलं नाव असं पुसून टाकायला हात धजत नाही. आणि दुसरी भीती अशी. २०१६ मध्ये पुरंदरच्या विमानतळाची घोषणा झाली, २०२५ मध्ये सात गावांत भूसंपादनाच्या नोटिसा निघाल्या, मोजणीला विरोध झाला, मे महिन्यात पोलीस आणि गावकरी समोरासमोर आले. त्या सात गावांत खानवडी आहे, महात्मा फुल्यांचं गाव, ज्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना डोंगरउतारावर ताली-बंधारे घालून पाणी मुरवा म्हणून १८८३ मध्येच सांगून ठेवलं होतं. आमचं गाव त्या सातांत नाही. पण भाव तिथपर्यंत पोचलाय. दर महिन्याला कुणीतरी दलाल माझा नंबर मिळवून फोन करतो. माझे तीन एकर भावजयीच्या मुलाच्या नावावर गेले आणि त्याला कुणी मोठा आकडा दाखवला, तर? तो पंचवीस-तीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप. त्याने विकली तर मी त्याला बोल लावू शकणार नाही. आणि जमिनीबरोबर पाणीही गेलं, म्हणजे वाटेकऱ्याच्या सहा जणांना आणि भावजयीच्या म्हातारपणाला काही उरलं नाही.

इथेच साळुंख्यांचं ते कलम आठवतं, जमीन विकली तरी पाणी तिच्याबरोबर जाणार नाही. ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तो आदर्शवाद वाटला होता. आता कळतं, तो व्यवहार होता. भाच्या, तुझ्या आत्याला व्यवहार कळत नसेल, पण त्या इंजिनिअरला नक्की कळत होता.

तर माझा प्रस्ताव असा, आणि तो मी पुढच्या बैठकीत पुन्हा मांडणार आहे. सातबारा आहे तसा राहू दे, जमिनीची मालकी ज्याची त्याला लखलाभ. विहिरीच्या पाळ्या मात्र जानेवारी ते जून या काळात तिथे राहणाऱ्या माणसांवर लावायच्या. भावजयीची पाच, वाटेकऱ्याची सहा. साळुंख्यांचीच मर्यादा लावली की सहाव्याचं वेगळं धरायचं नाही, दोन्ही घरं सारखी, आठ दिवसांतले चार-चार दिवस. ऊस निघाला की तिथे परत ऊस नाही, आणि त्याने मुलुंडच्या उत्पन्नात जी खोट येईल तिचा वाटा मी माझ्या पेन्शनमधून द्यायला तयार आहे. विहिरीच्या दुरुस्तीला लागणारा पैसा आम्ही शहरातल्यांनी आण्यांप्रमाणे भरायचा. फार्महाऊसच्या आंब्यांना पिण्याच्या टाकीतून बादलीने पाणी घालता येईल. हिरवळीचं काय करायचं ते भाच्याने ठरवावं. पाऊस चांगला झाला की जुलैपासून पुन्हा आण्यांची पाळी, माझी त्याला ना नाही.

मुलुंडचा भाऊ विचार करतो म्हणाला आहे. न्यू जर्सीहून "इंटरेस्टिंग" असा निरोप आला, त्याचा अर्थ मला लागलेला नाही. कोथरूडचा अजून गप्प आहे. अक्षय्य तृतीयेला सगळे गावीच भेटणार आहोत, विहिरीवर. वाटेकऱ्यालाही बसवायचं असं मी सांगितलं आहे, आणि त्यावरून वेगळं भांडण चालू झालं आहे.

काल रात्री भावजयीचा फोन आला. तिला यातलं काही सांगितलेलं नाही. म्हणाली, "वन्सं, तुमची पाळी बुधवारी लागतीय. लाइट रात्री अकराला येती. धरू का दारं?"